दोन हजार बासष्ट टप्पे

सिंदी मेघेत येऊन माणिकराव गावंडे कुठं राहतात म्हणून विचाराल, तर कोणी घर दाखवणार नाही. नाना कंट्रोलर म्हणा, लहान लेकरूही फाटकापर्यंत आणून सोडेल. सोडताना "पाच मिनिटांत निघजा बरं, काका" एवढं सांगूनही जाईल. पाच मिनिटांत नाही निघालात तर तुमचे दोन तास गेले. आजवर किती लोकांचे गेले!

नाना एसटीत होते. कंडक्टर म्हणून लागले, वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, आणि मधली बरीच वर्षं त्यांनी समुद्रपूरच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीमागे काढली. तालुक्याचं ते बसस्थानक, असून असून किती असणार? पण नाना त्या खिडकीत असे बसत की साऱ्या देशाची चाकं त्यांच्या शिट्टीवर फिरून राहिली आहेत. कोणी शेतकरी हात जोडून विचारायचा, "साहेब, हिंगनघाट गाडी कधी हाय जी?" नाना आधी त्याच्याकडे पाहत, मग भिंतीवरच्या पाटीकडे पाहत, मग पुन्हा त्याच्याकडे. "वाचता येते काय?" "नाई जी." "मंग बसून राह्य." बिचारा बसून राहायचा, आणि त्याच्या डोळ्यांसमोरून हिंगणघाटची गाडी निघून जायची.

एसटीत सहा किलोमीटरचा एक टप्पा धरतात, तिकीट टप्प्यावर निघतं. नोकरी सुटली तरी नानांचा टप्पा सुटला नाही. सेवाग्राम दोन टप्पे. नागपूर तेरा टप्पे. मुलीला, वेदश्रीला, स्थळं येऊ लागली तेव्हा मुलगा काय शिकला हे विचारायच्या आधी नाना त्याचं गाव किती टप्पे ते विचारायचे. साकेतचं गाव चौदा टप्पे निघालं, म्हणून साकेत पसंत पडला. लग्नानंतर तीन वर्षांनी हा साकेत नोकरीसाठी वेदश्रीला घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन बसला, तेव्हा नानांनी व्याह्यांना फोन केला. "चौदा टप्पे सांगतले होते तुमी," म्हणाले. व्याही हसले. नाना हसत नव्हते.

नलूबाई म्हणजे नानांची बायको. तिला सारं गाव "गरीब गाय" म्हणायचं. गाय कसली! ऐकून घेणारा माणूस गरीब असतो असं लोकांना उगाच वाटतं. नलूबाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि मनात नीट ठेवायच्या.

नानांची एक गोष्ट ठरलेली होती. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, पंगत उठून सुपारी कातरायला मंडळी बसली की ती निघायचीच. "तीस वर्सात एक गाडी एक मिनिट थांबवली नाई मी," नाना सुरू करायचे. "आमदाराचा मानूस आला, नाई थांबवली. आन सोताच्या बायकोसाठी बी नाई थांबवली! इचारा हिले." सगळी मंडळी नलूबाईंकडे पाहायची. नलूबाईंच्या हातात बहुतेक वेळा वाढायचं भांडं असायचं. त्या हसायच्या, कारण चार लोकांत दुसरं काय करणार? "टाइम म्हंजे टाइम. गाडी कोनासाठी थांबत नाई," नाना शेवट करायचे, आणि एखादा म्हातारा "वा नाना, मानूस असावं तं असं" म्हणून मान डोलवायचा. त्या म्हाताऱ्याचं काय जात होतं मान डोलवायला!

नाना गोष्टीत जे सांगत नसत ते असं होतं.

वेदश्री तेव्हा दोन वर्षांची होती. बिऱ्हाड समुद्रपुरातच, बसस्थानकामागच्या गल्लीत दोन खोल्यांत. नलूबाईंचं माहेर तिथून तीन टप्पे आत, भाजीपाला पिकवणाऱ्यांचं घर. एका दिवशी तिसऱ्या प्रहरी निरोप आला की आईचं काही खरं नाही, लवकर ये. त्या गावाला दिवसाची शेवटची गाडी एकच, संध्याकाळी सहा दहाची मुक्कामी. ती रात्रभर गावातच थांबायची. नलूबाईंनी पोरीला कडेवर घेतलं, पिशवीत दोन कपडे कोंबले आणि धावत सुटल्या. वाटेत पोरीची चप्पल पडली, ती उचलायला वाकल्या. उशीर झाला तो तेवढाच.

फाटकातून आत शिरल्या तेव्हा गाडी सुरू झाली होती आणि नाना हातातलं घड्याळ पाहत उभे होते. कंडक्टर म्हणाला, "साहेब, वहिनी येऊन राह्यल्या. अर्ध मिनिट." नानांनी बायकोकडे पाहिलं. मधे शंभर पावलं असतील. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि शिट्टी मारली. कंडक्टरनं दोरी दोनदा ओढली, टण टण, आणि गाडी निघून गेली. नलूबाई धापा टाकत समोर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा नाना म्हणाले, "सकायची पहिली गाडी हाय ना. काय बिघडते?"

सकाळच्या पहिल्या गाडीनं त्या गेल्या. अंगणात बाया बसल्या होत्या. धाकटा भाऊ नत्थू तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा, तो पुढं आला आणि रडत रडत म्हणाला, "रातभर इचारत होती माय. नलू आली का, नलू आली का. मी म्हनलो, येऊन राह्यली."

  पुढं एकोणतीस वर्षं नलूबाईंनी शिट्टी मारणाऱ्या त्या माणसाच्या पोळ्या लाटल्या, त्याच्या सदऱ्याची बटणं लावली, त्याच्या गोष्टीला चारचौघांत हसल्या. पण मनात त्याची जी काही पत होती ती त्या सकाळी उतरली आणि नंतर कधी चढली नाही.

तर अशा घरात बातमी आली की वेदश्रीला दिवस गेले. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याची तारीख होती. पहिलं बाळंतपण, परका मुलूख, आणि साकेतची आई कधीच गेलेली. साकेतनं एप्रिल अखेरची दोन तिकिटं काढली, सासऱ्यांचं आणि सासूबाईंचं.

"आई, तू येशील ना वेळेवर?" वेदश्री फोनवर रोज विचारायची. "डॉक्टर म्हणतात, लवकरही होऊ शकतं."

"येतो वं माय. कशीबी येतो," नलूबाई सांगायच्या.

नानांनी तिकिटाचा कागद छापून आणला, चष्मा चढवला आणि लाल पेन घेऊन बसले. निवृत्त माणसाच्या हाती लाल पेन देऊ नये. कागदावर होतं: दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को, अंतर १२,३७० किलोमीटर, वेळ साडेपंधरा तास. सुटणार पहाटे चारला, पोचणार त्याच दिवशी सकाळी सातला. चारला सुटून सातला पोचणं नानांना खटकलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं असतं हे त्यांना पाठ होतं. "घड्याळ सरकारचं राह्यते, त्याले कोन काय म्हनन?" असं म्हणून त्यांनी वेळ मंजूर केली.

मग अंतराला सहानं भागलं. दोन हजार एकसष्ट टप्पे आणि वर चार किलोमीटर. उरलेल्याचा पुरा टप्पा धरायचा असतो, म्हणून दोन हजार बासष्ट. हा आकडा त्यांनी आठ दिवस सिंदी मेघेत मिरवला. भेटेल त्याला धरून सांगायचे, "दोन हजार बासष्ट टप्पे जाऊन राह्यलो." एवढ्यावर थांबते तर काही बिघडलं नसतं.

पण नानांनी बाजारातून जगाचा नकाशा आणला. हॉलच्या भिंतीवरची दिनदर्शिका काढून तो लावला, नलूबाईंच्या शिवणाच्या डब्यातून दोरा उचलला, फूटपट्टी घेतली आणि स्टुलावर चढले. दिल्लीवर बोट ठेवलं, नकाशाच्या उजव्या काठावरून उतरले, डाव्या काठावरून पुन्हा चढले आणि सॅन फ्रान्सिस्कोला टेकले. नकाशाखालच्या मापानं हिशेब केला. सतरा हजार नऊशे किलोमीटर निघाले.

"घपला हाय!" नाना स्टुलावरूनच ओरडले. "नले, इकडे ये. सतरा हजार नऊशे! आन हे लिहितात बारा हजार! विमान ताशी नऊशेच्या वर जात नाई. म्हंजे वीस तास लागतात. साडेचार तासाचं टाइमटेबल खोटं हाय हे!"

"पोचते ना पन रोज?" नलूबाईंनी विचारलं. "वेदूची शेजारीन मागच्या मईन्यातच आली थ्या विमानानं."

"तुले काय समजते त्यातलं? तुले सेवाग्राम टेशनावर फलाट सापडत नाई."

संध्याकाळी साकेतचा फोन आला. नानांनी त्याला फैलावर घेतलं. साकेत गरीब स्वभावाचा, त्यानं फोनवर रस्त्याचं चित्र पाठवलं आणि समजावू लागला. चित्रात विमानाची रेघ सरळ नव्हतीच. दिल्लीहून निघून ती वर वर चढत बर्फाच्या मुलखात गेली होती आणि तिथून कमानीसारखी वाकून खाली उतरली होती. ते पाहून तर नानांच्या अंगात आलं.

"बाबा, पृथ्वी गोल आहे ना, म्हणून..."

"मले शिकवते काय? पृथ्वी गोल हाय हे मी चौथीत शिकलो. पृथ्वी गोल असन, पन रस्ता सपाट राह्यते! सरळ रस्ता सोडून हे फेऱ्यानं जाऊन राह्यले, आन फेरा घेऊन अंतर कमी सांगून राह्यले. कोन्या शाळेतलं गनित हाय हे? आन वरती काय हाय? बर्फ! ना गाव, ना डेपो. बिघाड झाला तं मेकॅनिक कुठून येईन?"

साकेतनं विषय सोडला. संगणकावर मोठमोठी कामं करणारा पोरगा, पण पालथ्या घड्यावर पाणी तो तरी किती ओतणार? नानांना वाटलं, आपण त्याची बोलती बंद केली.

दुसऱ्या दिवशी नानांनी विमान कंपनीच्या दिल्लीच्या पत्त्यावर पत्र धाडलं. विषय: दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को मार्गावरील अंतर व वेळ यांतील तफावतीबाबत. चार पानं, मराठीत, सोबत नकाशाची झेरॉक्स. कंपनीनं लेखी खुलासा करावा, नाहीतर वेळापत्रक दुरुस्त करावं. पोस्टातून परत येऊन त्यांनी खुर्चीत बसून जाहीर केलं, "उत्तर येईस्तोवर मी चढत नाई, आन तू बी चढत नाई. खोट्या टाइमटेबलाच्या गाडीत मी मानूस बसवत नाई."

 या माणसाला नलूबाई ओळखून होत्या. वेदश्रीचे दिवस भरत आले होते, आणि हा इथं दिल्लीच्या पत्राची वाट पाहत खुर्चीत बसणार होता. एखाद्या कागदासाठी पोरीला एकटी टाकेल आणि पुढं पंगतीत गोष्ट म्हणून सांगेल, असाच तो होता.

त्याच आठवड्यात नत्थू आला. तो आता मळा सांभाळतो आणि स्वतःच्या छोट्या टेम्पोनं वर्ध्याच्या बाजारात भाजी आणतो. बहिणीसाठी त्यानं हे एवढं मोठं, गोलगरगरीत टरबूज आणलं. नाना झोपले होते. नलूबाई बाळासाठी दुपटं शिवत बसल्या होत्या. बोलता बोलता त्यांची नजर भिंतीवरच्या नकाशावर गेली, मग टरबुजावर आली. टरबुजाच्या पाठीवर देठापासून बुडापर्यंत हिरवे पट्टे उतरलेले, नकाशावर उभ्या रेघा असतात तसेच.

नलूबाईंनी कपाळाची टिकली काढली आणि टरबुजावर लावली, मधल्या भागाच्या जरा वर, नकाशात दिल्ली होती त्या अंदाजानं. पाकिटातली दुसरी टिकली टरबूज फिरवून जवळजवळ पार पलीकडच्या अंगाला लावली. मग सुईतला दोरा काढला, एक टोक नत्थूला धरायला लावलं आणि नाना नकाशावर मोजत तसा कडेकडेनं आडवा धरला.

"आता वढ," त्या म्हणाल्या.

नत्थूनं ओढलं. दोरा ताणला तसा तो एका जागी राहीना. गुळगुळीत सालीवरून आपोआप वर सरकला, देठाकडे, आणि देठाला घसटून दुसऱ्या टिकलीवर जाऊन बसला. नलूबाईंच्या हातात वीतभर दोरा जास्तीचा उरला.

"अवं बाई!" नत्थू म्हणाला. "वरून जवळ हाय."

"हाय ना!" नलूबाईंनी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तसंच झालं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी जाऊन नानांना उठवलं. आयुष्यभराचा अनुभव गाठीशी असूनही माणूस कधी कधी वेड्यासारखी आशा करतो.

नाना डोळे चोळत आले. दोरा पाहिला, टिकल्या पाहिल्या. नलूबाईंनी समजावून सांगितलं. नानांनी दोऱ्यावरून एकदा बोट फिरवलं. त्यांना कळलं होतं, हे नलूबाईंना त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसलं. गोल पृथ्वी ते चौथीतच शिकले होते, मठ्ठ नव्हते. पण कळलं म्हणायला जी जीभ लागते ती त्यांच्या तोंडात नव्हती.

"विमान टरबुजावर चालते काय?" नाना म्हणाले. "नत्थू, सुरी आन. बायको भाजीवाल्याची पोरगी, जग बी टरबुजावर मोजन!" आणि त्यांनी दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या मधोमध सुरी घातली. मीठ लावून चार फोडी खाल्ल्या. दोन्ही टिकल्या सालीसकट गुरांच्या टोपल्यात गेल्या.

नलूबाईंनी फोडी खाल्ल्या नाहीत. नाना पुन्हा झोपले तसं त्यांनी कपाट उघडलं, खाकी फायलीतून आपला पासपोर्ट आणि आपलं तिकीट काढलं आणि गव्हाच्या कोठीत ठेवलं. नाना सगळीकडे शोधू शकत होते, पण गहू काढायला त्यांनी जन्मात कोठीचं झाकण उघडलं नव्हतं.

"सत्तावीसले दुपारी बाराले येजो," त्या नत्थूला फाटकाशी म्हणाल्या. "एक मिनिट उशीर करू नको."

सत्तावीस तारखेला बाराला पाच कमी असताना नत्थूचा टेम्पो फाटकाशी लागला. नागपूरचं विमान साडेपाचचं, तिथून दिल्ली, दिल्लीहून पुढं. दिल्लीचं उत्तर आलेलं नव्हतं. नाना पायजमा-बनियनवर व्हरांड्यात बसले होते.

"पोस्टमन दीड वाजता येते," ते म्हणाले. "आज उत्तर येईन. आलं तं जाऊ."

"आन नाई आलं तं?"

"नाई आलं तं साकेतले म्हनाव, तारीख बदल. पोरीले काय आजच होऊन राह्यलं? दवाखाने हायत तिथं."

नलूबाईंनी पायात चपला घातल्या, पदर खोचला, बॅग उचलून टेम्पोत ठेवली आणि नत्थूच्या शेजारी जाऊन बसल्या. टेम्पोत कोथिंबिरीचा वास होता. नाना पाहतच राहिले. त्यांना वाटलं, रुसली, बसू दे जरा.

"कागद माह्याकडे हायत," ते आरामात म्हणाले.

"तुमचे हायत," नलूबाई म्हणाल्या आणि पिशवीतला पासपोर्ट दाखवला. "यायचं असन तं चला. बारा वाजले."

"नत्थू, गाडी बंद कर!"

भाऊजींच्या शब्दाबाहेर नत्थू आयुष्यात कधी गेला नव्हता. त्यानं चावीला हात घातला आणि बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं मान हलवली. टेम्पो निघाला, गल्लीच्या वळणाकडे चालू लागला. आता मात्र नानांना उठावं लागलं. तसेच बनियनवर, एक चप्पल पायात आणि एक व्हरांड्यात, हात हलवत, ओरडत ते फाटकाबाहेर धावत आले. शेजारपाजारचे लोक दारात येऊन उभे राहिले. नत्थूनं आरशात पाहिलं आणि टेम्पो हळू केला.

"बाई, भाऊजी येऊन राह्यले. अर्ध मिनिट."

नलूबाईंनी आरशात पाहिलं. मधे शंभर पावलं असतील. त्या माणसाची त्यांना क्षणभर कीवही आली, खोटं कशाला बोला. पासष्टीचा गडी असा अनवाणी धावताना बरा दिसत नव्हता. मग त्यांना दोन वर्षांच्या पोरीची पडलेली चप्पल आठवली.

"गाडी कोनासाठी थांबत नाई," त्या म्हणाल्या, आणि बोटांच्या पेरांनी दारावर दोनदा ठोकलं, टण टण. नत्थूनं गाडी रेटली.

पुढचा प्रवास सांगण्यासारखा काहीच झाला नाही. सेवाग्राम स्टेशनावर जिला फलाट सापडत नव्हता ती बाई नागपुरात चढली, दिल्लीत उतरली, पुन्हा चढली. साकेतनं चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. धडधाकट पाय असताना खुर्चीत बसायची नलूबाईंना लाज वाटली, पण बसल्या. विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा होता आणि त्यावर इवलंसं विमान. नलूबाई झोपून उठल्या की त्याकडे पाहायच्या. विमान वर वर, देठाकडे चाललेलं होतं. खिडकीखाली नुसतं पांढरं पसरलं होतं. तिथं त्यांना नानांचा मेकॅनिक आठवला आणि त्या एकट्याच फिसकन हसल्या. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं.

विमान सातच्या दहा मिनिटं आधी टेकलं.

आणि तिसऱ्या दिवशी, तारखेच्या दहा-बारा दिवस आधी, वेदश्रीला कळा सुरू झाल्या. तारीख बदलून बसलो असतो तर, हा विचार नलूबाईंनी मनात येऊ दिला नाही. त्याला वेळही नव्हता. दवाखान्यात भाषा कळत नव्हती, पण कळा देणारी पोर कोणत्याही मुलखात सारखीच दिसते. साकेत पांढरा फटक पडून दाराशी उभा होता. नलूबाई पदरानं पोरीचं कपाळ पुसत होत्या, कंबर चोळत होत्या. मध्येच वेदश्रीची शुद्ध हरपल्यासारखी झाली. डोळे मिटलेलेच, हात हवेत चाचपडत ती पुटपुटली, "आई आली का?"

नलूबाईंचा हात थांबला. इतकी वर्षं कोरडे राहिलेले त्यांचे डोळे तिथं भरून आले.

"आली वं माय," त्या म्हणाल्या. "आली. हे पाह्य, हात धर माहा."

मुलगी झाली. काळंभोर जावळ, आणि रडणं तर असं की पार खालच्या मजल्यावर ऐकू जावं.

नलूबाई निघाल्या त्या दिवसापासून नानांनी फोन केला नव्हता. रागावले होते म्हणे. साकेतनं बातमी कळवली तेव्हा कुठं दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"विमान टाइमावर होतं काय?" हा पहिला प्रश्न.

"दहा मिनिटं आधी पोचलं."

 "वारा मांगून असन," नाना म्हणाले. मग आवाज चढला. "कंपनीचं उत्तर आलं, समजलं? काल आलं. विंग्रजीत हाय, वाचून घेतलं मी. लिहितात, तुमच्या सूचनेची नोंद घेतली, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. म्हंजे मान्य केलं त्यायनं! मी म्हनलोच होतो."

नलूबाई मांडीवरच्या नातीकडे पाहत होत्या. ती झोपेत ओठ हलवत होती.

"आयकून राह्यली काय?" नाना म्हणाले. आवाज आता जरा खाली आला होता. "आता मले यायले हरकत नाई. साकेतले सांग, माहं तिकीट काढ म्हना. लवकरात लवकरचं. बारशाले पोचाले पायजे मी. घरी जेवनाचंबी... पोर दिसते कोनासारखी?"

हा प्रश्न त्यानं शेवटी विचारला. टाइम, पत्र, तिकीट, जेवण, आणि मग पोर.

"सकायची पहिली गाडी हाय ना," नलूबाई म्हणाल्या. "काय बिघडते?"

 हे वाक्य नाना पंगतीतल्या गोष्टीत कधी सांगत नसत. ते त्यांच्या लक्षात असेल असं नलूबाईंना एकोणतीस वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. त्या थोडा वेळ फोन कानाला लावून बसल्या. दोन हजार बासष्ट टप्प्यांवरून नुसता श्वास ऐकू येत होता, आणि तो माणूस काही विचारत नव्हता, का म्हणूनही नाही.

त्याच्या लक्षात होतं. सगळं लक्षात होतं.

नलूबाईंनी फोन ठेवला आणि नातीचं ओलं झालेलं दुपटं बदलायला घेतलं.